औषधांच्या संशोधनाला हंगामी पैसा नको, कायमची रक्कम हवी

व्यापार-उद्योगाच्या या पानावर कापसाचे भाव, सुताची तेजी-मंदी, यंत्रमागांच्या विजेचे दर असे विषय वाचण्याची आपणांस सवय आहे. तेथे आज आम्ही वैद्यकीय संशोधनावर सरकारने करावयाच्या खर्चाचा विषय काढत आहोत. काही व्यापारी बांधव म्हणतील की हे काम डॉक्टरांचे आणि प्रोफेसरांचे. कापडवाल्याने यात कशाला पडावे? आमचे म्हणणे असे की हा विषय आपल्या उधारीच्या वहीतच लिहिलेला आहे. आपण ती वही त्या नजरेने वाचत नाही, इतकेच.

पिंगळीसारख्या गावात कापडाचे दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाईकाच्या घरातले सगळे कळते. घरात लग्न निघाले की थान फुटते, कापूस विकला गेला की उधारी वसूल होते, आणि मोठे आजारपण आले की खाते जागच्या जागी थांबते. आम्ही बुडीत खाती काढून बसलो, तर दुष्काळाने बुडालेली कमी आणि आजाराने बुडालेली जास्त निघाली. दुष्काळात माणूस पुढच्या हंगामाचा वायदा तरी करतो. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की वायदा करायलाही कोणी उरत नाही.

अशी दोन खाती आम्हांला कायम आठवतात. पहिले आमच्या वडिलांच्या वहीतले, १९५० च्या दशकातले. एका विणकराला क्षयाची बाधा झाली. त्या काळी इलाज म्हणजे दूरचे सॅनेटोरियम, तेही जागा मिळाली तर. घरच्यांनी आधी माग विकला, मग भांडी विकली, शेवटी घर विकले. माणूस परत आला नाही आणि खाते तसेच राहिले. वडील ते पान कधी फाडत नसत.

दुसरे खाते अलीकडचे. आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक शिलाई मास्तर मशीन टाकून बसतात. काही वर्षांपूर्वी त्यांचा खोकला हटेना, तपासणीत तोच क्षय निघाला. घरात रडारड झाली. परंतु सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळाल्या, मास्तर घरीच राहिले, सुरुवातीचे काही आठवडे मशीन बंद होती, आणि सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून ते मोकळे झाले. ईदचे कपडे त्यांनीच शिवले. आजार तोच, गरिबीही तशीच. मग एक घर उजाडले आणि दुसरे सावरले, हा फरक कोठून आला? नशिबाची गोष्ट आपण मानतोच. पण या फरकामागे माणसांनी केलेले काम आहे आणि त्या कामामागे सरकारी पैसा आहे. तो हिशेब आज आम्ही मांडू इच्छितो.

१९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून क्षयरोग औषधोपचार केंद्र उघडले. प्रश्न साधा पण फार मोलाचा होता. देशात क्षयाचे रोगी लाखो आणि सॅनेटोरियमच्या खाटा मूठभर. मग रोग्याला घरीच ठेवून गोळ्या दिल्या तर चालेल काय? शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये विश्रांती आणि चांगले अन्न दिले; बाकीचे आपल्या दाटीच्या खोल्यांत, अपुऱ्या अन्नावर राहिले. औषध दोघांनाही एकच, एक वर्षभर. १९५९ मध्ये निकाल छापला गेला. घरी राहिलेल्यांचा गुण सॅनेटोरियमवाल्यांच्या जवळजवळ बरोबरीचा निघाला. घरच्या माणसांवरही पुढे काही वर्षे नजर ठेवली. रोगी घरी राहिल्यामुळे त्यांना जास्त लागण झाली असे दिसले नाही. या एका निकालाने जगभर क्षयाच्या इलाजाची रीत बदलली.

व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ काय? कारीगराला माग विकून परगावी जाण्याची गरज उरली नाही. पुढे याच केंद्राने आणि इतर देशांतल्या अशाच केंद्रांनी आणखी प्रयोग करून इलाजाची मुदत वर्ष-दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आणली. हे केंद्र आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून चालू आहे. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये झालेल्या मोठ्या प्रयोगातही ही संस्था होती. तेथे क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दहा हजारांहून अधिक माणसांवर नजर ठेवली. २०२३ मध्ये निकाल आला की ज्या घरांत असा जादा शिधा गेला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. त्यानंतर केंद्र सरकारने क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये केली.

आता या दोन प्रयोगांमधले अंतर पाहावे. १९५६ पासून २०२३ पर्यंत ६७ वर्षे झाली. या काळात दिल्लीत किती सरकारे आली आणि किती गेली. तरी त्या केंद्राची दारे उघडी राहिली, जुन्या माणसांनी नव्यांना शिकवले, नोंदींची रजिस्टरे टिकली. शिलाई मास्तरांचा सहा महिन्यांचा कोर्स या न तुटलेल्या धाग्यातून निघाला आहे. आमचा मुद्दा एवढाच आहे: संशोधनाला पैसा किती मिळतो हे महत्त्वाचे आहेच, पण तो अखंड मिळतो की नाही हे त्याहून महत्त्वाचे आहे.

मागावर बसणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ताणा एकदा लावला की पूर्ण थान विणूनच उतरवायचे असते. अर्ध्यावर सूत संपले तर विणलेला तुकडा कोणी घेत नाही आणि उरलेला ताणाही ढिला पडून खराब होतो. अर्धे सूत दिले म्हणून अर्धे नुकसान झाले असे होत नाही. नुकसान पूर्ण होते.

आम्ही परभणीकडच्या लोकांनी तर हे शेतीत डोळ्यांनी पाहिले आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झाले. त्या काळी भेंडीची पाने पिवळी पडून पीक हातचे जात असे. तेथील शास्त्रज्ञांनी रानटी जातीच्या भेंडीशी संकर करून, पिढी मागून पिढी निवड करत 'परभणी क्रांती' ही भेंडी तयार केली. १९८० च्या दशकात ती शेतात आली आणि आपल्या जिल्ह्याचे नाव देशभरच्या भाजीबाजारात गेले. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राच्या एनएचएच-४४ या वाणाने तर मराठवाड्याच्या किती तरी जिनिंग चालवल्या. दर वर्षी नवे वाण द्या, नाहीतर पैसे बंद, असे कोणी त्या वेळी म्हटले असते तर यांतले एकही शेतापर्यंत पोहोचले नसते. भेंडीला जो न्याय, तो माणसाच्या औषधाला का नको?

धागा मध्येच तोडला तर काय होते, त्याची मिसालही आपल्या जुन्या मुलखातलीच आहे. परभणी जिल्हा पूर्वी निजाम राज्यात होता, आणि त्याच राज्यात सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या इंग्रज डॉक्टरला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्या कामी हुसेन खान नावाचा एक मलेरियाचा रोगी त्याच्या उपयोगी पडला. स्वतःला डास चावू देण्याबद्दल त्याला डासामागे एक आणा मिळे. शोध अगदी हातातोंडाशी आला होता. इतक्यात महिनाभरात वरून हुकूम आला आणि रॉसची बदली झाली. त्याला राजपुतान्यात खेरवाडा येथे पाठवले, जेथे मलेरियाचे रोगीच फारसे नव्हते. पुष्कळ अर्ज-विनंत्या झाल्यावर १८९८ मध्ये त्याला कलकत्त्यास खास कामावर नेमले. तेथे महंमद बक्ष नावाच्या मदतनीसाला घेऊन त्याने पक्ष्यांच्या मलेरियावर प्रयोग पुरे केले. रॉसला १९०२ मध्ये नोबेल मिळाले खरे. परंतु माणसाचा मलेरिया कोणत्या जातीच्या डासापासून होतो, हे पुरेपूर दाखवून देण्याचा मान तोवर इटलीच्या शास्त्रज्ञांनी घेतला होता. सरकारने एक पैशाचीही चोरी केली नाही. फक्त चालते काम मध्येच थांबवले.

आमच्या काही बांधवांचा असा समज आहे की औषधे शोधणे हे कंपन्यांचे काम आहे. नफा दिसला की त्या आपोआप शोधतील. आम्ही स्वतः नफ्यावर जगतो, त्यामुळे नफ्याला नावे ठेवणार नाही. परंतु व्यापारी माल कोठे नेतो? जेथे गिऱ्हाईकाच्या खिशात पैसा आहे तेथे. ज्या आजाराचे गिऱ्हाईकच गरीब आहे, त्याच्यासाठी दुकान कोण उघडणार?

विंचवाचे उदाहरण घ्या. कापूस वेचणारी बाई, तुऱ्हाट्या उचलणारे पोर, दगड फोडणारा मजूर यांना लाल विंचू चावतो. श्रीमंत देशांत याला बाजार नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात सरकारी आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करत असताना विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावताना पाहत होते. रात्र-रात्र रोग्यापाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशावर लागू पडते हे दाखवले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस जात. औषध वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण एक-दोनवर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्याच्या या सुपुत्राचा आम्हांला अभिमान आहे.

यावर कोणी म्हणेल, बावस्करांनी मोठ्या अनुदानाशिवाय हे केले, मग सरकारच्या पैशाची गरज काय? आम्ही उलट विचारतो: एखादा माणूस पायी हजला गेला म्हणून आगबोट आणि विमान बंद करावे काय? एका माणसाच्या तळमळीवर मुलखाचा इलाज सोडून देणे हा कारभार नव्हे. शिवाय विंचवाच्या विषावरची लस मुंबईच्या सरकारी हाफकिन महामंडळाने बनवली. २०११ मध्ये बावस्करांनी प्रॅझोसिनसोबत विंचूलस देऊन जो प्रयोग छापला, त्यात गोळीच्या जोडीला लस दिल्यास रोगी लवकर बरा होतो असे दिसले. एकट्या माणसाची बुद्धी आणि सरकारी कारखाना, दोन्ही मिळाले तेव्हा काम पुरे झाले.

आपल्या धंद्यातला आजारही असाच. मानवत, सेलूकडच्या जिनिंगमध्ये किंवा सूतगिरणीत काम करणाऱ्यांना विचारा. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते, आणि सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. डॉक्टर याला बिसिनोसिस म्हणतात. यावर विकायला कोणती महाग गोळी नाही. इलाज म्हणजे धूळ कमी करणे आणि वेळेवर तपासणी. म्हणून कंपन्यांना त्यात गोडी नाही. यावर अभ्यास झाला तो अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेसारख्या सरकारी ठिकाणी. सरकारने हात आखडला तर कारीगराची छाती कोण तपासणार?

दुसरी गोष्ट, संशोधन आपण मध्येच सोडले तर पक्का माल दुसरा काढतो आणि तो आपल्यालाच विकतो. कापूस आपला आणि कापड मँचेस्टरचे, हा इतिहास कापडवाल्यांना पाठ आहे. औषधांतही तेच घडले. हकीम अजमल खान साहेबांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनाचा पाया घातला. त्यांच्या इंतकालानंतर १९३१ मध्ये तेथे सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला हकीम साहेबांच्या नावावरून 'अजमलीन' म्हटले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबावर कशी चालते, याचा आपल्या रोग्यांवरचा अनुभव विलायतेच्या मासिकात छापला. १९५२ मध्ये त्याच मुळीतून रिसर्पिन काढले ते स्वित्झर्लंडच्या कंपनीने. मुळी आपली, हकिमांचे शेकडो वर्षांचे ज्ञान आपले, पहिले रसायनशास्त्रज्ञ आपले, पहिले रोगी आपले. शिक्का मात्र त्यांचा. त्यांच्या प्रयोगशाळेत यंत्रे होती, माणसे होती आणि ती टिकवून धरणारे भांडवल होते.

आता आपल्या राज्याच्या घरातले पाहू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांत भीती होती, अफवा होत्या. त्या वेळी विशीतल्या आगाखान तिसरे यांनी पुढे होऊन लस घेतली, आपल्या जमातीतल्या हजारो लोकांना घ्यायला लावली आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपला खुसरू लॉज हा बंगला दिला. हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असावा. दुसरी बाजूही लपवू नये. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाहा विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. विश्वास नसला की चांगली गोष्टही जुलूम वाटते. आणि विश्वास हा पैशासारखाच एका दिवसात उभा राहत नाही. रोज दार उघडे ठेवणाऱ्या दुकानालाच तो मिळतो.

१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. प्लेगची लस, सर्पदंशाची लस, पोलिओची लस. देशाने या संस्थेचे खूप घेतले. १९७५ मध्ये उत्पादनासाठी वेगळे महामंडळ झाले. पुढे २०१७ मध्ये राज्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या औषध खरेदीचे कामच त्या महामंडळाच्या गळ्यात घातले, आणि मग २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा केला. विणकराला मागावरून उठवून दलालीला बसवावे आणि मग थान का निघत नाही म्हणून विचारावे, त्यातला हा प्रकार.

२०२१ मध्ये करोनाने कहर केला, तेव्हा हाफकिनची आठवण झाली. कोव्हॅक्सिन बनवण्यासाठी केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटी रुपये मंजूर केले, आणि तयारीला आठ महिन्यांची मुदत दिली. मदत झाली हे चांगलेच. पण आग लागल्यावर विहीर खोदण्यात शहाणपण कसले? हीच रक्कम आधीची दहा वर्षे थोडी थोडी मिळत गेली असती, तर महामारीच्या दिवशी कारखाना तयार असता.

पैशाची स्थिती काय आहे तेही सांगतो. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी रुपये दाखवले. त्यात आरोग्य संशोधन विभागाचा वाटा सुमारे ३,९०१ कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांत चार रुपयेही भरत नाहीत. सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून देशाचा खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता; चीनचा २ टक्क्यांच्या वर आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला. मात्र त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, उद्योगांकडून आणि दानशूरांकडून यावा अशी योजना आहे. वायद्याचा माल आणि गोदामातला माल यांतला फरक व्यापाऱ्याला कळतो.

श्रीमंत देशांनाही हा धडा नुकताच मिळाला. २०२५ मध्ये अमेरिकेत सरकार बदलताच तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी चालू असलेली शेकडो अनुदाने मुदतीआधीच बंद केली. परदेशी मदतही एकाएकी थांबवली, त्यामुळे गरीब देशांत चाललेले औषधांचे प्रयोग अर्ध्यावर अडकले. काही पैसा पुढे कोर्टाच्या हुकमाने परत मिळाला. पण ज्या रोग्याची गोळी मध्येच सुटली आणि जो होतकरू मुलगा प्रयोगशाळा सोडून दुसऱ्या नोकरीला गेला, त्यांना कोर्ट परत कसे आणणार? दुसऱ्याच्या उधारीवर आपले संशोधन चालवू नये, हाही यातला बोध आहे.

सरकारी पैसा खाल्ला जातो, संस्थांत माणसे नुसती बसून असतात, ही तक्रारही आम्ही ऐकतो, आणि ती सगळी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याचा उपाय हिशेब तपासणे हा आहे. गुमास्ता आळशी निघाला तर मालक गुमास्त्याला जाब विचारतो. दुकानाला कुलूप लावत नाही. दुसरी तक्रार अशी की तालुक्याच्या दवाखान्यात आधी डॉक्टर आणि गोळ्या द्या, संशोधन नंतर पाहू. दवाखाना पाहिजेच, त्याबद्दल दुमत नाही. पण दवाखान्यात कोणती गोळी, किती दिवस द्यायची, हे कोणीतरी आधी शोधलेले असते. मद्रासचा निकाल नसता तर शिलाई मास्तरांना दवाखान्याने काय दिले असते?

आपल्या मजहबी इतिहासात तर कायमच्या रकमेची रीत जुनीच आहे. वक्फ म्हणजे दुसरे काय? मूळ मालमत्ता हलवायची नाही. तिच्या उत्पन्नातून काम चालू ठेवायचे. कैरोमध्ये सुलतान कलावून यांनी १२८४ च्या सुमारास मोठा शिफाखाना बांधला आणि त्याच्या खर्चासाठी मिळकती वक्फ केल्या. सुलतान गेले, घराणी बदलली, तरी तो शिफाखाना शतकानुशतके रोग्यांच्या उपयोगी पडत राहिला. त्याच कैरोत इब्न अल-नफीस या हकिमांनी हृदयातून फुप्फुसाकडे रक्त कसे जाते हे युरोपच्या कित्येक वर्षे आधी लिहिले. सुलतानाच्या मर्जीवर शिफाखाना ठेवला असता, तर तो सुलतानाबरोबरच संपला असता. बांधणाऱ्याने हे ओळखले होते. आजच्या सरकारने संशोधनासाठी वक्फच करावा असे आम्ही म्हणत नाही. त्यातली अक्कल घ्यावी असे म्हणतो.

तेव्हा आमच्या मागण्या थोडक्यात अशा. पहिली, वैद्यकीय संशोधनाची रक्कम एका वर्षाची न ठरवता निदान पाच वर्षांची ठरवावी, आणि महागाईच्या मानाने ती वाढत जावी. मंत्री किंवा सरकार बदलले म्हणून मंजूर काम मध्येच थांबू नये. दुसरी, संशोधन करणाऱ्या मुला-मुलींचे विद्यावेतन दर महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळावे. ते महिनोन्‌महिने अडकते अशी तक्रार या मुलांनी वारंवार केली आहे; मजुराची मजुरी घाम वाळण्याआधी द्यावी ही आपली शिकवण येथेही लागू आहे. तिसरी, हाफकिनला संशोधनाचे आणि लसीचेच काम द्यावे आणि त्यासाठी राज्याने कायमची तरतूद करावी. चौथी, परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तेथे साप, विंचू, उन्हाचा झटका, कापसाची धूळ या आपल्या मुलखाच्या आजारांचा अभ्यास व्हावा आणि त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढावी. पाचवी, प्रत्येक संस्थेने दर वर्षी काय काम केले आणि किती पैसा लागला, हे साध्या मराठीत आणि उर्दूत लोकांपुढे मांडावे.

आपणही काही करू शकतो. उमेदवार मते मागायला येतात, तेव्हा आपण रस्ता मागतो, वीज मागतो, कब्रस्तानाची भिंत मागतो. व्यापारी मंडळाच्या निवेदनात एक ओळ वैद्यकीय संशोधनाचीही घालावी. जीएसटीच्या रूपाने हा पैसा आपणच भरतो. तो कोठे जातो हे विचारण्याचा आपला हक्क आहे. आपल्या हुशार मुलांना फक्त दवाखाना टाकण्यासाठी डॉक्टर करू नये. एखाद्याला तरी प्रयोगशाळेत जाऊ द्यावे. आणि आपल्या भागात एखादा सरकारी प्रयोग आला, तर अफवेवर न जाता नीट चौकशी करावी, लेखी संमतीचा कागद वाचून घ्यावा आणि पटल्यास साथ द्यावी. आगाखानांनी विशीत जे केले ते आपण पन्नाशीत तरी करावे.

आमच्या वडिलांच्या वहीतले विणकराचे पान आम्हीही अजून फाडलेले नाही. त्याची वसुली होणार नाही हे ठाऊक आहे. पण रोज सकाळी दुकान उघडताना ओट्यावरच्या मशीनचा आवाज ऐकू येतो, तेव्हा वाटते की ते पान कोणीतरी दुसरीकडे, मद्रासच्या एका सरकारी केंद्रात, थोडे थोडे करून फेडले आहे. पुढच्या पिढीच्या वहीत अशी बुडीत पाने कमी पडावीत, यासाठी आज रक्कम कायम करून ठेवावी लागेल. अल्लाह आपल्या राज्यकर्त्यांना ही समज देवो आणि आपल्याला ती मागण्याची तौफीक देवो, एवढीच दुआ.